विश्वासात टिकून राहणे आणि देवाच्या अभिवचनांवर भरवसा ठेवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्तावर विश्वास ठेवून काही वर्षे लोटली की पडणारे प्रश्न सुरुवातीच्या प्रश्नांहून वेगळे असतात. प्रार्थना करूनही परिस्थिती बदललेली नसते, ज्यांच्याकडे पाहून आपण विश्वासात आलो त्यांपैकी काही माणसे दूर गेलेली असतात, आणि पाठ केलेली वचने आयुष्याशी जुळत नाहीत असे वाटू लागते. पुढील उत्तरे अशा वाचकांसाठी आहेत. उत्तरांत आलेल्या प्रत्येक संदर्भाचा पूर्ण अध्याय उघडून वाचावा अशी विनंती आहे, कारण या विषयातील बरेचसे गैरसमज एखादे वचन मागच्यापुढच्या मजकुरापासून तोडून वाचल्यामुळे निर्माण झालेले असतात.

विश्वासात टिकून राहणे म्हणजे नेमके काय?

इब्री लोकांस लिहिलेले पत्र या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर विचार करते. त्या पत्राचे वाचक नवखे नव्हते. त्यांनी जाहीर अपमान सोसला होता, बंदिवानांची सोबत केली होती आणि मालमत्तेची लूटही आनंदाने सहन केली होती (१०:३२-३४). असे असूनही त्यांना धीराची गरज आहे, असे लेखक पुढच्याच काही ओळींत सांगतो. त्यांच्यापुढचा धोका एका दिवसात विश्वास झुगारून देण्याचा नसून हळूहळू वाहवत जाण्याचा होता (२:१). उपासनेला येणे कमी होते, ऐकलेले वचन मनावर घेण्याचे राहून जाते, आणि एक दिवस लक्षात येते की आपण पूर्वीच्या ठिकाणी उरलेलो नाही.

म्हणून टिकून राहण्याचा अर्थ सतत उत्साहात असणे असा घेऊ नये. ख्रिस्ताकडे पाहत राहणे, पडल्यावर त्याच्याकडेच परत येणे, आणि त्याने जे सांगितले ते खरे धरून आजचे पाऊल उचलणे, एवढाच त्याचा गाभा आहे. भावना या काळात चढतात आणि उतरतात. त्यांना विश्वासाचे मोजमाप मानले तर कोणताही विश्वासणारा एक महिनाही निश्चिंत राहू शकणार नाही.

देवाचे अभिवचन कोणते आणि माझी स्वतःची अपेक्षा कोणती, हे कसे ओळखावे?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, असे या उत्तरांच्या लेखकाचे मत आहे. ज्यांचा विश्वास मोडला त्यांच्याशी बोलताना पुष्कळदा असे आढळते की, देवाने कधी दिलेच नव्हते अशा एखाद्या अभिवचनावर त्यांना उभे केले गेले होते. विश्वास ठेवलास तर व्यवसाय वाढेल, मुलाला नोकरी मिळेल, आजार जाईल, असे कोणीतरी व्यासपीठावरून ठामपणे सांगितलेले असते. ते घडले नाही की दोष ऐकणाऱ्याच्या विश्वासाला दिला जातो आणि बोलणारा मोकळा राहतो.

एखादे वचन हाती घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. ते कोणाला दिले आहे, हे प्रथम पाहावे. अब्राहामाला पुत्र होईल हे वचन अब्राहामाला दिले होते. प्रत्येक निपुत्रिक दांपत्याला ते दिलेले नाही, आणि त्यांना ते लागू करून आशा लावणे हा निष्ठुरपणा आहे. दुसरे असे की, त्या वचनाला काही अट जोडलेली आहे का, हे पाहावे. तिसरी गोष्ट म्हणजे ते वचन आहे की अनुभवावर आधारलेले शहाणपण आहे, हे ओळखावे. नीतिसूत्रांतील पुष्कळ वाक्ये या दुसऱ्या प्रकारात मोडतात. मुलाला योग्य मार्गाचे शिक्षण दिले तर तो मोठेपणीही त्यातून हटणार नाही (२२:६), हे सर्वसाधारण सत्य आहे. एखाद्या घरात तसे घडले नाही म्हणून त्या आईवडिलांना अपराधी ठरवता येत नाही.

या तिन्ही कसोट्यांच्या पलीकडे एक मोठी कसोटी पौल सांगतो: देवाची जितकी अभिवचने आहेत तितकी ख्रिस्ताच्या ठायी 'होय' अशी आहेत (२ करिंथ १:२०). जुन्या करारातील एखादे अभिवचन आपल्यापर्यंत पोहोचते ते ख्रिस्ताच्या द्वारे पोहोचते. त्यामुळे ते वचन त्याच्या जन्मात, वधस्तंभात, पुनरुत्थानात आणि पुनरागमनात कसे पूर्ण झाले किंवा होणार आहे, हे विचारल्याशिवाय ते थेट आपल्या नावावर करून घेऊ नये.

यिर्मया २९:११ हे वचन मी स्वतःसाठी घेऊ शकतो का?

तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे परमेश्वर ज्या वचनात म्हणतो ते शुभेच्छापत्रांवर आणि दिनदर्शिकांवर सर्वाधिक छापले जाणाऱ्या वचनांपैकी एक आहे. ते एका पत्रातील आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून राजा, अधिकारी आणि कारागीर यांना बंदिवान करून नेले. त्या बंदिवानांना यिर्मयाने यरुशलेमेहून हे पत्र पाठवले. अकराव्या वचनाआधीचे दहावे वचन छापील पत्रांवर सहसा दिसत नाही. त्यात सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे ज्या प्रौढ माणसांनी हे पत्र प्रथम ऐकले, त्यांच्यापैकी बहुतेकांचा मृत्यू बाबेलातच होणार होता.

याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय वाचला की चित्र अधिक स्पष्ट होते. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमोर सांगितले होते की दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल आणि बंदिवान परत येतील. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मयानेही आधी म्हटले की तसे होवो. मात्र नंतर त्याला परमेश्वराकडून सांगावे लागले की हनन्याला देवाने पाठवलेले नाही आणि त्याने या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावले आहे. खोटे अभिवचन पुष्कळदा खऱ्या अभिवचनासारखेच दिसते. फक्त त्याची मुदत कमी असते.

तेव्हा हे वचन स्वतःसाठी घेता येते का, या प्रश्नाचे उत्तर असे: देवाचा स्वभाव बदलत नाही, शिक्षेच्या काळातही तो आपल्या लोकांचे हित योजतो, आणि ख्रिस्तात असलेल्यांना ते हित निश्चित आहे, एवढे त्यातून अवश्य घ्यावे. पुढच्या वर्षी परिस्थिती पालटेल, असे मात्र त्यातून घेऊ नये. त्या पत्रातील आज्ञाही सोबत घ्यावी. घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा (२९:५-७). वाट पाहणाऱ्यांनी जगणे स्थगित ठेवावे, असे देवाने त्यांना सांगितले नाही.

फिलिप्पैकरांस ४:१३ या वचनाचीही अशीच गत होते. परीक्षा किंवा स्पर्धा जिंकण्याच्या आधी ते उच्चारले जाते. पौलाने ते बंदिवासात, उपासमार आणि विपुलता या दोन्हींत समाधानी राहण्याविषयी लिहिले आहे.

मग प्रत्येक विश्वासणाऱ्याला देवाने निश्चितपणे काय देऊ केले आहे?

जे पापे कबूल करतात त्यांना क्षमा मिळेल (१ योहान १:९). ख्रिस्त युगाच्या समाप्तीपर्यंत आपल्या लोकांबरोबर राहील (मत्तय २८:२०). ज्ञान मागणाऱ्याला ते उदारपणे दिले जाईल (याकोब १:५). आपल्या शक्तीपलीकडे परीक्षा होऊ दिली जाणार नाही आणि तिच्याबरोबर निभावण्याचा मार्गही दिला जाईल (१ करिंथ १०:१३). मरण, जीवन किंवा कोणतीही सृष्ट वस्तू आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही (रोम ८:३८-३९). मेलेले उठवले जातील, आणि देव डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील (प्रकटीकरण २१:४).

ही यादी पहिल्यांदा वाचताना काहींना निराशा वाटते, कारण तिच्यात नोकरी, आरोग्य आणि विवाह यांची हमी नाही. तिच्यात आणखी एक अभिवचन घालावे लागते, जे कोणी भिंतीवर लावत नाही: जगात तुम्हांला क्लेश होतील, असे येशूने शिष्यांना अटकेच्या रात्रीच्याच संभाषणात स्पष्ट सांगितले, आणि त्याच वाक्यात मी जगाला जिंकले आहे असे सांगून धीर धरायला लावला (योहान १६:३३).

रोम ८:२८ हे वचनही याच यादीतले आहे, पण ते एकोणतिसाव्या वचनाशिवाय कधीही वाचू नये. सर्व गोष्टी मिळून ज्या कल्याणासाठी कार्य करतात ते कल्याण कोणते, हे पौल लगेच सांगतो. ते म्हणजे आपण देवाच्या पुत्राच्या प्रतिरूपाचे व्हावे. दुःखात असलेल्या माणसाला हे वचन ऐकवण्याची घाई करू नये. ते खरे आहे, परंतु अंत्यविधीच्या दिवशी शेजाऱ्याने उच्चारलेले खरे वाक्यसुद्धा जखम करू शकते.

देव आपले अभिवचन पूर्ण करण्यास इतका विलंब का लावतो?

विलंबाचे पूर्ण कारण पवित्र शास्त्र कोणत्याही एका ठिकाणी सांगत नाही. ते आपल्याला विलंब सोसलेल्या माणसांकडे नेते.

अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा १०० वर्षांचा (उत्पत्ती १२:४, २१:५). या पंचवीस वर्षांत त्याने दोनदा भीतीपोटी आपल्या पत्नीविषयी अर्धसत्य सांगितले, आणि देवाचे वचन आपल्या युक्तीने पूर्ण करण्याच्या प्रयत्नात दासी हागार आणि तिच्यापासून झालेला मुलगा इश्माएल यांच्या आयुष्यात मोठे दुःख आणले. तरीही रोमकरांस पत्रात पौल लिहितो की तो अविश्वासामुळे डळमळला नाही (४:२०). उत्पत्तीतील हकिकत आणि हे वाक्य शेजारी ठेवले की समजते की देव विश्वासाचा हिशेब कसा करतो: वाटेतील प्रत्येक अडखळणे न मोजता, शेवटी माणूस कोणाकडे वळून उभा आहे हे तो पाहतो.

योसेफाला स्वप्ने पडली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता; फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा (उत्पत्ती ३७:२; ४१:४६). मधल्या काळात भावांनी विकणे, खोटा आरोप आणि तुरुंग हे सर्व झाले. तुरुंगात योसेफाने ज्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला होता त्या फारोच्या प्यालेबरदाराने सुटल्यावर त्याला विसरून जाणे ही या हकिकतीतील फार बोलकी गोष्ट आहे. तुरुंगातून सुटण्याची खरी संधी आली होती आणि ती कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे तर निव्वळ विसरभोळेपणामुळे हुकली; त्यानंतर पूर्ण दोन वर्षे गेली. या दोन वर्षांत योसेफ काय म्हणाला, हे शास्त्र सांगत नाही.

याहून कठीण बाब इब्री ११:१३ मध्ये आहे. हे सर्व जण विश्वासात मरण पावले आणि त्यांना अभिवचनानुसार फळ मिळाले नव्हते, असे तेथे लिहिले आहे. त्यांनी ते दुरून पाहून त्याला वंदन केले. याचा अर्थ असा की काही अभिवचने आपल्या हयातीत पूर्ण होणारच नाहीत, आणि ती देणाऱ्याने तशी हमीही दिलेली नाही. पुनरुत्थान खरे नसेल तर ही फसवणूक ठरेल. पुनरुत्थान खरे असेल तर मृत्यू हा अभिवचनाच्या मुदतीचा शेवट ठरत नाही. ख्रिस्ती धीर शेवटी या एका घटनेवर उभा आहे, आणि पौलाने हे लपवलेले नाही: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आपण सर्व माणसांपेक्षा लाचार आहोत, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे (१ करिंथ १५:१७-१९).

शंका येणे म्हणजे विश्वास संपणे आहे का?

नाही. पुनरुत्थित येशूला समोर पाहत असतानाही काहींना संशय वाटला, असे मत्तय २८:१७ सांगते, आणि सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची महान आज्ञा दिली गेली ती याच गटाला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने ज्याच्याकडे बोट दाखवले होते त्याच्याकडेच तुरुंगातून निरोप पाठवून विचारले की येणारा तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी. येशूने त्याला झिडकारले नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, दीनांना सुवार्ता सांगितली जाते, हे जे दिसते ते त्याला कळवा, असे उत्तर दिले आणि निरोप घेऊन आलेले शिष्य गेल्यावर लोकांसमोर योहानाची प्रशंसा केली (मत्तय ११:२-११). आजारी मुलाच्या बापाने आपल्या विश्वासाची आणि अविश्वासाची एकाच दमात कबुली दिली, आणि त्याचा मुलगा बरा झाला (मार्क ९:२४).

शंका घेऊन येशूकडे जाणे आणि शंकेला निमित्त करून त्याच्यापासून दूर राहणे यांत फरक आहे. शंका आल्यास ती नेमक्या शब्दांत लिहून काढावी, कारण पुष्कळदा 'माझा विश्वास उडाला आहे' या वाक्याखाली एखादा ठरावीक प्रश्न, एखाद्या पुढाऱ्याने केलेला विश्वासघात किंवा नुसता थकवा असतो, आणि तिन्हींवरचा उपाय वेगवेगळा असतो. जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा, अशी यहूदाच्या पत्रात मंडळीला आज्ञा आहे (२२). प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवणारी मंडळी ती मोडते.

देवाकडे तक्रार करणे पाप आहे का?

स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांपैकी विलापाची स्तोत्रे ही संख्येने सर्वांत जास्त आहेत, एवढे सांगितले तरी पुरे. तेराव्या स्तोत्रात 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवटही अंधारातच होतो, आणि तरीही ते उपासनेच्या ग्रंथात ठेवले गेले आहे. रानात कुरकुर करणारे इस्राएल लोक देवाविषयी एकमेकांत बोलत होते आणि मिसरात परत जाण्याचा बेत करत होते. स्तोत्रकर्ता तीच वेदना घेऊन देवाशी बोलतो.

प्रार्थना करूनही आजार बरा झाला नाही. माझा विश्वास कमी पडला का?

असे तुम्हांला कोणी सांगितले असेल तर त्याने शास्त्र अर्धवट वाचले आहे. पौलाने शरीरातील काट्यासाठी प्रभूला तीनदा विनवले आणि तो काढला गेला नाही. कृपा तुला पुरेशी आहे, असे उत्तर मिळाले (२ करिंथ १२:७-९). ज्या पौलाच्या हातून अनेक रोगी बरे झाले त्यानेच त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवले (२ तीमथ्य ४:२०), आणि तीमथ्याला त्याच्या वारंवारच्या दुखण्यासाठी प्रार्थनासभेऐवजी थोडा द्राक्षारस घेण्याचा व्यावहारिक सल्ला दिला (१ तीमथ्य ५:२३). अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही; त्या प्रार्थनेत तर विश्वासाची उणीव असण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले आणि पेत्राला तुरुंगात टाकले. मंडळीने पेत्रासाठी प्रार्थना केली व देवदूताने त्याला सोडवले. याकोबासाठी कोणी प्रार्थना केली नसेल, किंवा त्याच्यावर देवाची प्रीती कमी होती, असे मानण्यास काहीही आधार नाही. इब्री ११ मध्येही विश्वासाने तलवारीच्या धारेपासून बचावलेले (११:३४) आणि तलवारीने मेलेले (११:३७) एकाच परिच्छेदात, एकाच विश्वासाची उदाहरणे म्हणून येतात.

बरे होण्यासाठी प्रार्थना अवश्य करावी, मंडळीच्या वडिलांना बोलवावे (याकोब ५:१४), आणि वैद्यकीय उपचार सुरू ठेवावेत. विश्वास सिद्ध करण्यासाठी औषध बंद करा, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

मन पूर्ण खचले आहे आणि देव जवळ असल्याचे काहीच जाणवत नाही. अशा वेळी काय करावे?

एलीया कर्मेल डोंगरावरील विजयानंतर काही दिवसांतच एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला (१ राजे १९). देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले, मध्ये झोपू दिले, आणि वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे हे मान्य केले. संभाषण नंतर, होरेबावर झाले; आणि तेथे त्याला नवे काम व अलीशा हा सोबतीही मिळाला. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. झोप, अन्न आणि सोबत यांची व्यवस्था लागल्याशिवाय खचलेल्या मनाला सिद्धांत पेलत नाहीत.

दीर्घकाळ टिकणारे नैराश्य हा आजार असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे ही अविश्वासाची खूण नाही. एकोणिसाव्या शतकातील नावाजलेले इंग्लिश उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांना नैराश्याचे झटके येत, आणि ते त्याविषयी व्यासपीठावरून उघडपणे बोलत. जीव नकोसा वाटत असेल तर ते आजच जवळच्या माणसाला व डॉक्टरांना सांगावे. ते गुप्त प्रार्थनेपुरते ठेवू नये.

आजार नसतानाही देवाची जाणीव हरपू शकते. मदर तेरेसा यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या पत्रांतून हे उघड झाले की त्यांनी आयुष्यातील कित्येक दशके अशा आंतरिक अंधारात काढली होती. त्या काळात त्यांची प्रार्थना आणि सेवा चालूच होती. जाणीव आणि उपस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभिवचन उपस्थितीचे आहे.

धीर धरणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसत राहणे का?

हा गैरसमज, विशेषतः घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत, फार घातक ठरला आहे. शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद तेथे बसून राहिला नाही. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असे येशूने शिष्यांना सांगितले (मत्तय १०:२३). पौलाने फटके मारण्यापूर्वी आपले रोमी नागरिकत्व पुढे केले आणि पुढे कैसराकडे दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २२:२५, २५:११). ख्रिस्ताच्या नावामुळे येणारे, टाळता न येणारे दुःख सोसणे हा एक भाग आहे. गुन्हेगाराला गुन्हा चालू ठेवू देणे हा त्याचा भाग नाही. हिंसा होत असेल तर सुरक्षित ठिकाणी जावे, कायद्याचे साहाय्य घ्यावे, आणि मंडळीने त्या व्यक्तीच्या पाठीशी उभे राहावे.

माझ्या हातून ख्रिस्ताला नाकारण्यासारखे पाप घडले आहे. परत येता येईल का?

पेत्राने त्याला तीनदा नाकारले. त्याआधीच येशूने त्याला सांगितले होते की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर (लूक २२:३२). पतन होण्याआधीच परत येण्याची आणि परतल्यावरच्या सेवेची तरतूद केलेली होती. यहूदा इस्कर्योतालाही पस्तावा झाला, पण तो पैसे घेऊन याजकांकडे गेला आणि त्यांनी त्याला झिडकारले. येशूकडे तो गेला नाही.

मंडळीला हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर तिसऱ्या शतकात सोडवावा लागला. इ.स. २५० मध्ये सम्राट डेसियसने साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना यज्ञ करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. असे काही दाखले पपायरसवर लिहिलेले इजिप्तमध्ये सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने यज्ञ केला. काहींनी यज्ञ न करता लाच देऊन दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक मंडळीच्या दाराशी आले. रोममधील नोव्हेशियन आणि त्याचे अनुयायी यांनी अशांना मंडळीत परत घेण्यास नकार दिला. दुसऱ्या टोकाला, काही जण कोणताही पश्चात्ताप न तपासता सर्वांना लगेच आत घ्यायला तयार होते. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि इ.स. २५१ मध्ये तेथे भरलेली सभा यांनी मधला मार्ग काढला: प्रत्येकाच्या परिस्थितीचा वेगळा विचार व्हावा, पश्चात्तापाला वेळ द्यावा, पण दार बंद करू नये. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा यज्ञ केलेल्या पश्चात्तापी लोकांनाही परत घेण्यात आले, कारण प्रभुभोजनापासून दूर ठेवलेल्यांनी त्या छळाला सामोरे जाण्याचे बळ कोठून आणावे, असा विचार त्यामागे होता. ही दलील आजही मंडळ्यांनी अभ्यासावी अशी आहे.

तुम्ही हा प्रश्न विचारत आहात, परत येण्याची इच्छा धरत आहात, यावरूनच तुमचे हृदय पूर्ण कठीण झालेले नाही हे दिसते. पाप नेमक्या शब्दांत कबूल करावे, ज्यांचे नुकसान झाले त्यांची भरपाई करावी, आणि एखाद्या विश्वासू वडिलांना सर्व सांगावे.

खरा विश्वासणारा आपले तारण गमावू शकतो का?

या प्रश्नावर ख्रिस्ती परंपरांत एकमत नाही, आणि तसे भासवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नेदरलँड्समधील डॉर्ट येथे १६१८-१९ मध्ये भरलेल्या सुधारित मंडळ्यांच्या सभेने शिकवले की ज्यांना देवाने खरोखर नवा जन्म दिला आहे त्यांना तो शेवटपर्यंत राखतो. सुधारित (कॅल्व्हिनच्या परंपरेतील) आणि बऱ्याच बॅप्टिस्ट मंडळ्या हे मानतात, आणि योहान १०:२८-२९ व फिलिप्पै १:६ यांवर भर देतात. लुथरन आणि वेस्लीच्या (मेथडिस्ट) परंपरेतील मंडळ्या विश्वास सोडून देण्याची शक्यता मान्य करतात, आणि इब्री ६:४-६ सारखे इशारे खऱ्या विश्वासणाऱ्यांनाच दिले आहेत असे म्हणतात. रोमन कॅथोलिक मंडळीच्या ट्रेंट येथील सभेने १५४७ मध्ये असे ठरवले की शेवटपर्यंत टिकणे ही देवाची देणगी आहे, आणि विशेष प्रकटीकरणाशिवाय ती आपल्याला नक्की मिळणारच असे कोणी पूर्ण खात्रीने म्हणू नये.

व्यवहारात या मतभेदांपेक्षा त्यांच्यातील समान भूमी अधिक उपयोगी पडते. इशारे गंभीरपणे घ्यावेत, यावर सर्वांचे एकमत आहे. माणूस स्वतःच्या बळावर टिकत नाही, यावरही आहे. इब्री ६ मध्येच, त्या कठोर इशाऱ्यानंतर काही वचनांनी, देवाने आपल्या अभिवचनाला शपथेची जोड दिल्याचे आणि आशा ही जिवाचा नांगर असल्याचे वर्णन येते. नांगर तळाला रुतलेला असतो. जहाजावरील माणसाने दोरी किती घट्ट धरली आहे यावर त्याची पकड ठरत नाही.

एकट्याने, मंडळीशिवाय विश्वासात टिकता येते का?

तुरुंगात किंवा आजारपणात तसे राहावे लागले तर देव राखतो. निवड म्हणून ते शहाणपणाचे नाही. पापाच्या फसवणुकीने कोणी कठीण होऊ नये म्हणून प्रतिदिवशी एकमेकांना बोध करा, असे सांगितले आहे (इब्री ३:१३), आणि फसवणुकीचे लक्षणच असे की ती ज्याची होते त्याला दिसत नाही. एखाद्या मंडळीत तुम्हांला दुखावले गेले असेल तर ती सोडण्यास हरकत नाही; मात्र दुसरी शोधावी.

रोजच्या जीवनात अभिवचनांवर भरवसा कसा वाढवावा?

सुटी वचने गोळा करण्यापेक्षा एक पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावे. स्तोत्रे मोठ्याने म्हणावीत, त्यांत विलापाचीही असावीत. प्रार्थना लिहून ठेवावी आणि काही महिन्यांनी परत वाचावी, कारण मिळालेली उत्तरे आपण फार लवकर विसरतो. प्रार्थनेसाठी शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना पुरेशी आहे. प्रभुभोजन चुकवू नये.

माझ्या घरातील व्यक्तीने विश्वास सोडला आहे. मी काय करावे?

प्रथम, त्या व्यक्तीचा शेवट आपल्याला ठाऊक आहे असे समजू नये. पंफुल्यातून काम सोडून परत गेलेल्या मार्क म्हटलेल्या योहानाला पौलाने पुन्हा बरोबर घेण्यास नकार दिला, आणि त्यावरून बर्णबाशी त्याचा तीव्र मतभेद झाला (प्रेषितांची कृत्ये १५:३७-३९). आयुष्याच्या अखेरीस त्याच पौलाने लिहिले की मार्काला घेऊन ये, कारण तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). त्याच्या आदल्याच वचनात, या जगावर प्रेम जडून देमास सोडून गेल्याचे दुःखही आहे. त्याचे पुढे काय झाले, याविषयी शास्त्र गप्प आहे. पुढे बिशप आणि थोर ख्रिस्ती विचारवंत झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका हिने मुलासाठी अनेक वर्षे प्रार्थना केली. त्याचा बाप्तिस्मा इ.स. ३८७ मध्ये मिलान येथे झाला आणि त्याच वर्षी ती वारली. प्रत्येक आईला असे पाहायला मिळतेच असे नाही, आणि मिळेल अशी हमी कोणाला देऊ नये.

प्रार्थना चालू ठेवावी. वादविवाद थोडे करावेत. प्रत्येक भेटीत हा विषय काढला की भेटीच बंद होतात. त्या व्यक्तीने विश्वास का सोडला हे मध्ये न बोलता ऐकून घ्यावे, आणि त्यात मंडळीची किंवा घराची चूक असेल तर ती मान्य करावी. तिच्याशी नाते तोडण्याचा सल्ला कोणी दिला तरी घराचे दार, फोन आणि जेवणाचे ताट तिच्यासाठी पूर्वीसारखेच उपलब्ध ठेवावे.